अकरा एप्रिलचं भाषण

अमेरिकेतल्या यादवी युद्धाची अखेर म्हटली की अॅपोमॅटॉक्सचं नाव येतं. ९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातल्या या खेड्यात दक्षिणेच्या जनरल रॉबर्ट ली यांनी उत्तरेच्या जनरल ग्रँट यांच्यापुढे शरणागती पत्करली. ग्रँट यांच्या अटी उदार होत्या. हरलेल्या सैनिकांना घरी जाऊ दिलं, पेरणीसाठी स्वतःचे घोडे नेऊ दिले, उपाशी फौजेला शिधा दिला. चार वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसं गेली होती, तरी सूडाची भाषा झाली नाही.

मला मात्र त्या महिन्यातला कळीचा दिवस वाटतो तो ११ एप्रिल. संध्याकाळी व्हाइट हाउससमोर लोक विजय साजरा करायला जमले होते. राष्ट्राध्यक्ष लिंकन खिडकीत आले आणि लिहून आणलेल्या कागदांवरून लुइझियाना या दक्षिणेतल्या राज्याच्या नव्या सरकारबद्दल बोलत राहिले. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की, काळ्यांपैकी जे जाणते आहेत आणि जे सैनिक म्हणून लढले, त्यांना मताधिकार मिळालेला आपल्याला आवडेल. फ्रेडरिक डग्लस यांच्यासारखे काळे नेते याहून कितीतरी अधिक मागत होते. तरीही राष्ट्राध्यक्षाने हे जाहीरपणे म्हणणं ही नवी गोष्ट होती. गर्दीत जॉन विल्क्स बूथ हा नट उभा होता. लिंकनचं हे शेवटचं भाषण, असं तो तिथेच सोबत्याला म्हणाल्याचं सांगितलं जातं. त्याआधी त्याचा बेत लिंकनना पळवून नेण्याचा होता.

१४ एप्रिल, गुड फ्रायडे. युद्धाला जिथे तोंड फुटलं त्या फोर्ट समटरवर त्या दिवशी पुन्हा अमेरिकेचा झेंडा चढला. रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड्‌स थिएटरमध्ये बूथने लिंकनच्या डोक्यात गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी ते गेले. याला एका माथेफिरूचं कृत्य म्हणणं चूक आहे. त्याच रात्री परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांच्यावर सुऱ्याने वार झाले. उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन वाचले, कारण त्यांच्यावर नेमलेल्या मारेकऱ्याचं धैर्य गळालं. हा राजकीय कट होता.

आणि वाचलेले तेच अँड्र्यू जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. ते टेनेसीचे, एकेकाळी स्वतः गुलाम बाळगणारे. जनरल शर्मन यांनी जानेवारीत किनारपट्टीवरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांनी वाटायचा हुकूम काढला होता. जॉन्सननी त्यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत दिली. डिसेंबरमध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली खरी, पण वर्ष सरायच्या आतच मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायनाने असे कायदे केले की, मुक्त माणूस मालकाचं काम सोडून जाऊ शकेना. लिंकन जगते तर सगळं सुरळीत झालं असतं असं मी म्हणणार नाही. पराभूतांशी सबुरीने वागावं हे त्यांचंही मत होतं. पण त्यांचं मत बदलत असे, आणि ते काळ्यांच्या बाजूने बदलत आलं होतं. जॉन्सनबद्दल असं काहीच म्हणता येत नाही.

काँग्रेसने जॉन्सनशी झगडून पुढचं काम रेटलं. १८७० मध्ये पंधराव्या दुरुस्तीने काळ्या पुरुषांच्या मताधिकाराला संरक्षण मिळालं, त्याच वर्षी हायरम रेव्हल्स हे काळे नेते सिनेटमध्ये पोहोचले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाम मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, तो हा आशेचा काळ. चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतल्या सरकारांमागे उभं असलेलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं. मग मतदानावर कर आला, वाचता येतं का याच्या परीक्षा आल्या, आणि मत द्यायला निघालेल्यांचे खूनही पडले.

हे अडथळे खऱ्या अर्थाने मोडणाऱ्या मताधिकार कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केली ६ ऑगस्ट १९६५ रोजी. लिंकनच्या त्या भाषणाला तेव्हा शंभर वर्षं उलटून गेली होती.