इंग्रजी कच्चे आहे, पण नेमके कोठे?

मुलाचे इंग्रजी ‘कच्चे’ आहे, हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. खरे तर व्यापारी माणसाला ते खटकावयास हवे. दुकान तोट्यात आहे एवढे कळल्यावर कोणी पेढीवाला स्वस्थ बसत नाही. कोणत्या मालात तोटा आला, उधारी कोणाकडे अडकली, हे तो खतावणी उघडून पाहतो. परीक्षेच्या गुणांना मात्र आपण ही शिस्त लावीत नाही. बेरीज पाहतो आणि मुलाला आणखी एका शिकवणीला घालतो.

परदेशी शिक्षणासाठी आपल्याकडे आयईएलटीएस अधिक परिचित आहे. परंतु केंब्रिजची ‘सी-वन अॅडव्हान्स्ड’ ही परीक्षाही अनेक विद्यापीठे ग्राह्य धरतात. ती १९९१ साली सुरू झाली. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षे चालतो. या प्रमाणपत्राला तशी मुदत नाही, मात्र एखादी संस्था आपल्यापुरती कालमर्यादा घालू शकते. वाचन आणि भाषावापर यांची मिळून दीड तासाची एक प्रश्नपत्रिका असते, तीत आठ भाग व ५६ प्रश्न. लेखनास दीड तास, श्रवणास सुमारे ४० मिनिटे आणि संभाषणास १५ मिनिटे. संभाषणासाठी बहुधा दोन उमेदवारांना एकत्र बसवितात. प्रश्नपत्रिका चार असल्या तरी गुणांक पाच मिळतात, कारण वाचन आणि भाषावापर वेगळे मोजले जातात. पाचांची सरासरी १८० झाली की सी-वन पातळी मिळते. १६० ते १७९ मध्ये राहिल्यास एक पायरी खालचे, बी-टू पातळीचे प्रमाणपत्र हाती येते.

माझ्या परिचयातील एका कापड व्यापाऱ्यांच्या कन्येला एकूण १७६ गुण मिळाले. चार गुण कमी पडले. परदेशाचा विचार सोडावा आणि येथेच कोठेतरी प्रवेश घ्यावा, असे घरात जवळजवळ ठरले होते. मी गुणपत्रक मागवून घेतले. वाचन १९०, श्रवण १८४, संभाषण १७४, लेखन १६८, भाषावापर १६४. सरासरी चारने वाढवावयाची तर पाच विषयांत मिळून वीस गुण हवेत, आणि ते कोठे दडले आहेत हे आकडे स्वतःच सांगत होते. जी मुलगी वाचनात १९० मिळविते तिचे इंग्रजी कच्चे कसे म्हणावे? तरीही शिकवणीत तिच्याकडून उतारेच वाचून घेतले जात होते, कारण ते तिला चांगले जमत असे. जे जमते त्याचाच सराव करण्याचा मोह विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही आवरत नाही.

गुणपत्रक विषय दाखविते. विषयातील नेमकी जागा शोधण्यासाठी चुकांची वही लागते. प्रत्येक सरावपत्रिकेनंतर चुकलेला प्रश्न, त्याचा भाग आणि चुकण्याचे कारण लिहावे. कारणे चारच पुरेत: माहीत नव्हते, माहीत असून सुटले, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ संपला. पहिल्याला अभ्यास हवा, दुसऱ्याला उत्तर पुन्हा तपासण्याची सवय, तिसऱ्याला शांतपणा आणि चौथ्याला घड्याळ. चारही दुखण्यांवर ‘आणखी शब्द पाठ कर’ हे एकच औषध देण्यात अर्थ नाही. पाच-सहा पत्रिका झाल्या की वहीची तेरीज करावी.

तिच्या वहीत निम्म्याहून अधिक चुका लहान शब्दांच्या निघाल्या. भाषावापराच्या दुसऱ्या भागात आठ रिकाम्या जागा पर्यायांवाचून भरावयाच्या असतात आणि तेथे बहुधा उपपदे, शब्दयोगी व उभयान्वयी अव्यये, सर्वनामे यांचीच परीक्षा होते. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ अशी उपपदे नाहीत, त्यामुळे आपला कान तेथे चुकतो. आपण परीक्षा ‘देतो’, इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. आपण एखाद्या विषया‘बद्दल’ चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाऊट’ लिहून जातो. तेथे ‘अबाऊट’ नको. मुसळधार पाऊस इंग्रजीत ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नव्हे. असे शब्द सुटे पाठ करून उपयोग नाही, ते जोडीने आणि पूर्ण वाक्यात लिहून ठेवावेत. चौथ्या भागात दिलेला शब्द न बदलता तीन ते सहा शब्दांत वाक्य फिरवावयाचे असते. त्यात प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असल्याने तेथील मेहनत अधिक फळते.

लेखनात २२० ते २६० शब्दांच्या दोन रचना असतात. पहिला निबंध सक्तीचा. दुसऱ्यासाठी पत्र, अहवाल, प्रस्ताव, परीक्षण अशांतून निवड करता येते. आशय, वाचकाला साजेशी मांडणी, रचना आणि भाषा अशा चार अंगांनी ते तपासले जाते. आपली मुले भाषेची चिंता वाहतात आणि विचारलेला एखादा मुद्दाच गाळतात. बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना मी हेच पाहिले आहे: अक्षर सुरेख, पण विचारलेली माहिती नाही. श्रवणाविषयी येथे एवढेच सांगतो की ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवितात, म्हणून पहिल्या वेळी सुटलेल्या उत्तरापाशी अडून राहू नये.

पाच महिन्यांनी ती पुन्हा बसली. भाषावापर १८१, लेखन १७६, बाकीचे होते तेथेच, सरासरी १८१. (केंब्रिजची याहून वरची प्रोफिशियन्सी परीक्षा १९१३ साली प्रथम झाली, तेव्हा ती बारा तास चालली होती. तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. नापास मुलांच्या आईवडिलांना मी हे आवर्जून सांगतो.)

आता प्रश्न वेळेचा. केंब्रिजच्या मार्गदर्शनानुसार बी-टू पातळीसाठी साधारण ५०० ते ६०० तासांचे आणि सी-वनसाठी ७०० ते ८०० तासांचे अध्ययन लागते, म्हणजे मधले अंतर सुमारे २०० तासांचे. रोज एक तास धरला तर सहा-सात महिने झाले. सर्वच अंगे सारखी कच्ची असतील तर हा हिशेब टाळता येत नाही. एक-दोनच असतील तर कालावधी कमी होतो. म्हणून शुल्क भरून तारीख घेण्यापूर्वी घड्याळ लावून एक पूर्ण नमुना प्रश्नपत्रिका सोडवून घ्यावी आणि इच्छित विद्यापीठाला एकूण गुणांक पुरतो की प्रत्येक अंगात किमान गुण हवेत, हे त्याच्या प्रवेशनियमांत पाहावे.