गाडी तेल का पिते?

‘गाडी ऑइल खाते’ अशी तक्रार घेऊन जुन्या मोटारीचा मालक गॅरेजात गेला, की बहुधा एकच उत्तर मिळते : इंजिनकाम निघाले! ऐकणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाडीला किंमत ती किती राहिलेली असणार, आणि नव्या रिंगा-पिस्टन घालायचे म्हणजे त्यातला मोठा वाटा तिथेच जायचा. पण तेल जायला वाटा पुष्कळ असतात, आणि त्यांतल्या काही फार थोडक्यात बुजतात.

आधी मोजायला हवे. गाडी सपाटीवर उभी करून, सकाळी सुरू करण्यापूर्वी तेलाची काडी पाहावी आणि हजार किलोमीटरला किती तेल घालावे लागते ते लिहून ठेवावे. १ लिटरपर्यंतचा खप कित्येक कारखानदार चालण्याजोगा मानतात. मला तो फारच वाटतो. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरावा. सकाळी त्यावर थेंब दिसले, तर निदान काही तेल गळते आहे हे ठरले. वरच्या झाकणाचे पॅकिंग बदलून पुष्कळदा भागते.

पुठ्ठा कोरडा राहिला, तर धूर पाहायचा. काळा धूर जादा पेट्रोलचा, निळसर धूर तेलाचा. इथे आपल्याला घाटाची चांगली सोय आहे. गगनबावड्याहून करूळचा घाट गियरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसतो. पेट्रोलच्या इंजिनात हवेची वाट जवळजवळ बंद, पिस्टनची ओढ मात्र चालूच. व्हॉल्व्हच्या दांडीवरची रबरी सीले कडक झाली असली, की त्या ओढीने तेल आत झिरपते. पायथ्याशी पाय दाबला, की मागे निळा लोट उठतो आणि विरून जातो. हा दोष सीलांचा. उलट, चढावर जोर लावताना धूर सारखा निघत राहिला, तर संशय रिंगांवर.

संशयावर इंजिन उघडू नये. मिस्त्रीला कॉम्प्रेशन मोजायला सांगावे. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर प्लगच्या भोकातून चहाचा चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चांगला चढला तर रिंगा सैल; जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे पॅकिंग. आकडे मुळातच ठीक असतील, तर सीले बदलावीत. तरबेज कारागीर बऱ्याच गाड्यांत हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरतो आणि हे काम करतो.

त्याही आधी बघायची एक लहानशी झडप आहे. तिला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिनाच्या पोटातल्या वाफा ती पुन्हा जाळायला धाडते. ती चोंदली किंवा उघडी अडकली, की वाफांबरोबर तेलही जाते. किंमत थोडी, बदलणे सोपे. तरी ती कुणाला आठवत नाही!

हे सारे होईपर्यंत दर आठवड्याला काडी पाहून तेल भरत राहावे. पातळी खालच्या खुणेखाली गेली, तर बेअरिंगा जळतात, आणि मग मात्र इंजिनकाम खरोखरच निघते.