आता उत्तर तुझे तू दे

बाप्तिस्म्याच्या वेळी तान्ह्या लेकराला बोलता येत नाही. सैतानाचा त्याग करता काय, पित्यावर, पुत्रावर व पवित्र आत्म्यावर श्रद्धा ठेवता काय, या प्रश्नांना तेथे मायबाप आणि धर्ममायबाप उत्तर देतात. दृढीकरण संस्काराच्या दिवशी हेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. मात्र या खेपेस मायबापांनी गप्प राहावयाचे असते. लेकराने स्वमुखाने उत्तर द्यावयाचे असते. मग महागुरुस्वामी त्याला नावाने हाक मारून कपाळावर पवित्र तेलाने क्रुसाची खूण करतात.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात या संस्काराचे मूळ दिसते. फिलिपाने शोमरोनात सुवार्ता सांगितली, लोकांनी बाप्तिस्मा घेतला. शोमरोनी म्हणजे यहुद्यांच्या नजरेत सरमिसळीचे, सीमेवरचे लोक. तरीही पेत्र व योहान यरुशलेमेहून वाट तुडवीत त्यांच्याकडे गेले, त्यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना पवित्र आत्मा मिळाला. त्या लोकांना कोणी यरुशलेमेस बोलावून घेतले नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आपल्या बिदर-कलबुर्गीकडील मराठी कुटुंबांना ही गोष्ट परकी वाटू नये. 1956 साली हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले, बिदर म्हैसूर राज्यात गेले. परंतु धर्मव्यवस्थेत बिदर पुढेही दीर्घकाळ हैदराबादच्याच महाधर्मप्रांतात राहिले. बिशपांचे आसन शंभर किलोमीटरांहून दूर! 2005 साली गुलबर्गा धर्मप्रांत निर्माण झाला, रॉबर्ट मिरांडा हे पहिले बिशप झाले, आणि हे अंतर कमी झाले. भालकी, औराद, बसवकल्याणकडे घरात मराठी, शाळेत व उपासनेत कन्नड, बाजारात दखनी असा संसार आहे. अशा घरातील मुलाने आपले उत्तर पाठ केलेल्या कन्नड शब्दांत दिले, तरी त्याचा अर्थ त्याला आईच्या भाषेत समजलेला असला पाहिजे. ही शिकवण घरीच द्यावी लागते. धर्मशिक्षकाच्या एका तासात ती आटोपत नाही.

वडीलधाऱ्यांना जुना विधी आठवत असेल. त्यात बिशप गालावर हलकीशी चापट मारीत. श्रद्धेसाठी सोसावे लागेल, ही तिची शिकवण. पोप सहावे पॉल यांनी 1971 साली विधीचे नवे रूप दिले, तेव्हा ती चापट गेली व शांतीचे अभिवादन राहिले. (चापटीचीच धास्ती घेतलेल्या मुलांना बरे वाटले असेल!) सोसणे मात्र गेलेले नाही. आपली मुले कामासाठी पुण्यास, मुंबईस, हैदराबादेस जातात. तेथे रविवारी मिस्साला जा म्हणून सांगणारे कोणी नसते आणि तू कोणत्या धर्माचा, असे विचारणारे पुष्कळ असतात. त्या वेळी उत्तर देण्यास बाप जवळ नसतो.

आणि येथेच एक अडचण उभी राहते. बिशपांच्या भेटीच्या दिवसांत कुटुंब मजुरीसाठी परगावी असले, तर मुलाचा संस्कार राहून जातो. पुढील भेटीच्या वेळीही तसेच घडते, आणि पाहता पाहता मुलगा लग्नाला येतो. लग्नापूर्वी, फार मोठी अडचण नसल्यास, दृढीकरण झालेले असावे असा धर्मसभेचा नियम आहे. दुसऱ्याच्या लेकराचे धर्ममायबाप होण्यासही ते लागते. म्हणून परगावी निघण्यापूर्वीच फादरांना सांगावे. गरज असल्यास बिशप एखाद्या धर्मगुरूला हा संस्कार देण्याचा अधिकार देऊ शकतात.

मरणाच्या धोक्यात असलेल्या लेकरासाठी तर बिशपांची वाट पाहण्याचे कारणच नाही. पोप बारावे पायस यांनी 1946 साली धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना अशा प्रसंगी दृढीकरण देण्याची मुभा दिली. आजच्या नियमाप्रमाणे कोणताही धर्मगुरू ते देऊ शकतो. घरात मूल अत्यवस्थ असताना पुष्कळ मायबाप केवळ प्रार्थनेसाठी फादरांना बोलावतात. त्यांनी दृढीकरणाचेही विचारावे.

धर्ममायबाप निवडताना शक्यतो बाप्तिस्म्याचेच निवडावेत, असे धर्मसभा सुचविते. ज्यांनी तेव्हा उत्तर दिले, त्यांनीच आता मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याचे उत्तर ऐकावे! बाप्तिस्मा दुसऱ्या धर्मग्रामात झाला असेल तर तेथील दाखला आधीच मागवून ठेवावा. दृढीकरणाची नोंद तेथील बाप्तिस्म्याच्या वहीतही करावयाची असते.