फोन करणाऱ्याचीही जबाबदारी

ठाण्याकडून खारेगावची खाडी ओलांडून मुंबई-नाशिक महामार्गाने पुढे निघाले की माणकोली नाक्यापासून दोन्ही बाजूंस गोदामांची पत्र्याची छपरे दिसू लागतात. भिवंडी म्हणजे यंत्रमाग, ही जुनी ओळख आजही पुसली गेलेली नाही. परंतु गेल्या काही दशकांत पूर्णा, काल्हेर, दापोडे, वळ, राहनाळ, सोनाळे अशा गावांच्या हद्दीत भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. मुंबईत येणाऱ्या मालावर जकात होती. त्या हद्दीच्या बाहेर, तरीही बंदर व बाजारपेठ यांच्या जवळ माल साठविणे व्यापाऱ्यांना सोयीचे होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. गोदामे मात्र हलली नाहीत, उलट वाढली. आता ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग संपूर्ण खुला झाला असून नागपूरहून निघणारा हा ७०१ किलोमीटरचा मार्ग भिवंडी तालुक्यातीलच आमणे येथे येऊन थांबतो.

रुंद, निर्वेध मार्गावरून आलेला मालमोटारीचा चालक येथे पोहोचताच गावरस्त्यावर उतरतो. समोरून रिक्षा, कडेने शाळेची मुले, मध्येच कापडाचे तागे लादलेला टेम्पो. त्याला जे गोदाम गाठावयाचे असते त्याचा पत्ता बहुधा अमुक कंपाऊंड, अमुक गाळा असा असतो आणि एका कंपाऊंडसारखेच दुसरे दिसते. नेमक्या याच वेळी त्याचा भ्रमणध्वनी वाजू लागतो. गोदामात हमालांची टोळी खोळंबलेली असते, म्हणून मुकादम विचारतो, “कुठवर आलास?” पाठोपाठ वाहतूक कचेरीतून तोच प्रश्न येतो. मग मालक, मग घर. अवजड वाहनांना ठरावीक वेळी शहरातून प्रवेशबंदी असते. ती वेळ टळू नये यासाठीही घाई चाललेली असते.

वाहन चालविताना फोनवर बोलणारा चालक म्हणजे बेपर्वा माणूस, असे आपण सहज म्हणतो. काही तसे असतातही. परंतु भिवंडीच्या रस्त्यावरील पुष्कळसे चालक गप्पा मारण्यासाठी फोन उचलत नाहीत. न उचलल्यास पुढची भाडी मिळणार नाहीत, या धास्तीने उचलतात. ही गोष्ट लक्षात न घेता केवळ चालकाला उपदेश केल्याने फारसे साध्य होणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लक्ष कोठे जाते?

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. फोनच्या पडद्यावर कोणाचे नाव आले ते पाहण्यास दोन सेकंद लागले, तर २२ मीटर रस्ता न पाहताच पार झालेला असतो. ताशी ६० किलोमीटर वेगास तेच अंतर ३३ मीटर होते. या काळात चालकाने ब्रेकला पायही लावलेला नसतो, आणि भरलेली मालमोटार ब्रेक लावल्यावरही लगेच थांबत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

हात मोकळे ठेवून, कानात यंत्र अडकवून बोलल्यास धोका राहत नाही, असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाही. कॅनडातील टोरांटो येथे अपघातात सापडलेल्या, फोन बाळगणाऱ्या ६९९ चालकांच्या नोंदी तपासण्यात आल्या व १९९७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो आणि हात मोकळे असल्याने त्यात काही लाभ दिसत नाही, असे आढळून आले. अमेरिकेतील युटा विद्यापीठातील प्रयोगांतही असे दिसले की, बोलणाऱ्या चालकाची नजर रस्त्यावर असते, तरी समोरचे त्याच्या मनात नोंदले जात नाही.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे आणि फोनवर बोलणे यांतही मोठा फरक आहे. शेजारच्याला रस्ता दिसत असतो. पुढे बैलगाडी आली, मूल आडवे आले, की तो आपोआप गप्प होतो. प्रसंगी चालकाला सावधही करतो. फोनवरील माणसाला यातले काहीच दिसत नाही. ऐन वळणावर तो पावतीचा क्रमांक विचारतो.

यंत्रमागावर काम करणाऱ्यास हे निराळ्या रीतीने समजावता येईल. एक कारागीर एकाच वेळी चार-चार माग सांभाळतो, मग चालकाने दोन कामे का करू नयेत, असा प्रश्न भिवंडीत कोणी विचारल्यास नवल नाही. परंतु बाणा तुटला की माग आपोआप थांबतो. मोटारीस अशी सोय नाही.

देशात २०२१ साली झालेल्या ४,१२,४३२ रस्ते अपघातांपैकी १,९९७ अपघातांचे कारण भ्रमणध्वनीचा वापर असे नोंदले गेले व त्यांत १,०४० माणसे मृत्युमुखी पडली. आकडा लहान वाटेल. परंतु मद्यपानाची तपासणी होऊ शकते तशी विचलित मनाची होऊ शकत नाही. अपघातानंतर फोन खिशात जातो आणि पंचनाम्यात ‘भरधाव वेग’ एवढेच उरते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात २०१९ साली दुरुस्ती झाली व वाहन चालविताना हातातील संपर्कसाधनाचा वापर करणे हे कलम १८४ खाली धोकादायकरीत्या वाहन चालविण्यात स्पष्टपणे गणले गेले. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तसे घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मार्ग शोधण्यापुरता, चालकाची एकाग्रता भंग पावणार नाही अशा रीतीने त्याचा वापर करण्यास नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून मुभा आहे. याशिवाय सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली राज्यांना दिलेल्या निर्देशांनुसार अशा चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावयाचा असतो. ज्याची चूल परवान्यावर पेटते, त्याला दंडापेक्षा हे फार जड जाते.

याच अधिनियमातील कलम १८८ फारसे कोणाच्या वाचनात येत नाही. कलम १८४ खालील अपराधास जो अपप्रेरणा देईल, त्यालाही त्या अपराधाचीच शिक्षा सांगितलेली आहे. केवळ फोन केला म्हणजे अपप्रेरणा दिली असे म्हणता येणार नाही. तो निर्णय न्यायालयाचा. तथापि चालकाच्या आसनापलीकडेही कोणी जबाबदार असू शकतो, हे संसदेने ओळखले होते, एवढे त्यातून दिसते.

गावाच्या हातातील गोष्टी

ग्रामपंचायतींना दंड आकारता येत नाही, हे खरे. परंतु गोदामे ज्यांच्या हद्दीत आहेत त्या पंचायतींचा शब्द गोदामवाल्यांस मोडता येत नाही. प्रत्येक कंपाऊंडच्या तोंडाशी नाव व गाळ्यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत, मराठीबरोबर हिंदीतही लिहावेत, कारण येथे येणारे कित्येक चालक परप्रांतीय असतात. पत्ता विचारण्यासाठी करावे लागणारे निम्मे फोन यामुळे वाचतील. मालमोटार निघण्यापूर्वीच पोहोचण्याची अंदाजी वेळ कळवावी आणि वाटेत चालकाने थांबल्यावरच फोन करावा, असा करार गोदाम व वाहतूक कचेरी यांच्यात होण्यास ग्रामसभेचा ठराव उपयोगी पडेल. पूर्वी गाडीवर क्लीनर असे व निरोप तो घेई; लहान टेम्पोंवर आता चालक एकटाच असतो, म्हणून ही तजवीज अधिकच आवश्यक आहे.

थांबण्यास जागा हवी, हा मात्र खरा अडचणीचा भाग आहे. ‘बाजूला थांबून बोला’ असे सांगणे सोपे. पण अंजूरफाट्यानजीक बाजू उरली आहे कोठे? रस्त्याकडेला मालमोटार उभी केली तर मागे कोंडी होते आणि चालकावर वेगळाच दंड बसतो. गावठाणाबाहेर चार-सहा गाड्या उभ्या राहतील इतकी जागा मोकळी ठेवणे, हे फलक लावण्याहून खर्चाचे असले तरी त्याला पर्याय नाही.

शिक्षकांचे काम निराळे आहे. वर्गातील कितीतरी मुलांचे वडील चालक असतात आणि संध्याकाळी त्यांना घरून फोन जातो. “बाबा, गाडी चालवताय का?” हा पहिला प्रश्न असावा आणि उत्तर ‘होय’ आले की पुढे न बोलता फोन ठेवावा, एवढे मुलांस शिकविता येईल. मुलांचे हे सांगणे घरात लवकर रुजते.

राहता राहिले अधिकारी. दौऱ्यावर निघालेल्या साहेबांचा चालक वाटेत आहे हे ठाऊक असूनही कचेरीतून त्याच्याच क्रमांकावर “साहेब कुठवर आले?” असा फोन जातो, आणि साहेब मागच्या आसनावर बसून ते संभाषण ऐकत असतात.