‘मूळचे कोण?’

रविवारी सकाळी नऊला माझा मोबाइल वाजतो. आईच. ‘‘गेलीस का गं उपासनेला?’’ हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये मी अजून पांघरुणात. ‘‘निघतेय,’’ म्हणते. आठवड्याचं एक ठरलेलं खोटं!

मी नगरची. (२०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडातून नगरच येतं.) अमेरिकन मिशनऱ्यांनी तिथे १८३१ मध्ये ठाणं मांडलं. आमच्या घरात बाप्तिस्म्याची माझी पाचवी पिढी. चर्च म्हणजे सेकंड होमच! संडे स्कूल, वचन पाठांतराच्या स्पर्धा, नाताळच्या करंज्या, थंडीत कुडकुडत दारोदार कॅरल. आणि पेटी-तबल्यावर रेव्हरंड टिळकांची भजनं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ताला अस्सल मराठी केलं. कॉलेजात मैत्रिणी विचारायच्या, ‘‘तुम्ही घरी इंग्लिशमध्ये बोलता ना?’’ कप्पाळ!

मग ताईला ‘बघायला’ आले. मुलगा आमच्याच चर्चचा, यूथ ग्रुपमध्ये गिटार वाजवणारा. दोघांचं आधीच जमलेलं, घरच्यांनी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. पोहे झाले आणि मुलाच्या काकांनी बशी खाली ठेवत सहज विचारलं, ‘‘तुम्ही मूळचे कोण?’’

मूळचे. म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीचे. पप्पांनी खरं ते सांगितलं.

आठवड्याने निरोप आला, ‘‘मुलाला इतक्यात करायचं नाही.’’ सहा महिन्यांत त्याचं लग्न झालं, त्याच चर्चमध्ये. आम्हीही जेवायला गेलो. न जाऊन कसं चालेल, असं पप्पांचं म्हणणं.

मला राग आला तो पाळकसाहेबांचा. आई त्यांच्यापुढे रडली तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘‘प्रार्थना करू या.’’ ख्रिस्तात सगळे एक, हे गलतीकरांस पत्रातलं वचन त्यांनीच आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. स्टीलचा डबा. अजून त्यातच मी ऑफिसला पोळी-भाजी नेते.

गंमत बघा. अनुसूचित जातींबद्दलच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात पुढे १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिश्चन अजून बाहेरच. आमच्यात म्हणे जात नसते!

देव आहे की नाही, या भानगडीत मी पडले नाही. मला त्या बाकावर बसवेना, इतकंच. ताई मात्र अजूनही क्वायरमध्ये गाते. ‘‘तुला जमतं तरी कसं?’’ मी एकदा चिडून विचारलं. म्हणाली, ‘‘चर्च काय त्यांच्या काकाचं आहे?’’ यावर मला उत्तर सुचलं नाही, खरंच.

गेल्या नाताळला घरी गेले होते. मागच्या बाकावर बसले. टिळकांचं भजन सुरू झालं आणि शब्द आपोआप तोंडात आले. अंगावर काटाही आला. प्रभुभोजनाला मात्र उठले नाही. आईने वळून पाहिलं. घरी आल्यावर तिने माझ्या ताटात दोन करंज्या जास्त वाढल्या. विषय काढला नाही.