मर्दन आणि श्वानाचा शारीरिक प्रतिसाद

उपचारार्थ मर्दन केले असता श्वानाच्या शरीरात नेमके काय घडते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा बाह्य लक्षणांवरून दिले जाते. कुत्रा पाय झाडू लागला की त्यास सुख झाले आणि निश्चल पडून राहिला की त्यास विश्रांती मिळाली, असा सर्वसाधारण समज आहे. ही दोन्ही अनुमाने तपासून पाहणे अगत्याचे आहे. ज्या रुग्णास बोलता येत नाही, त्याच्या लक्षणाचा विपरीत अर्थ लावणे म्हणजे उपचाराच्या नावाखाली पीडाच चालू ठेवणे होय.

पाय झाडण्याचे लक्षण प्रथम घेऊ. पाठीवर व कुशीवर खोगिराच्या आकाराचे एक क्षेत्र असून तेथे घर्षण होताच त्या बाजूचा मागील पाय खाजविण्याची लयबद्ध हालचाल करू लागतो. सर चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या क्रियेचे सविस्तर विवेचन केले आहे. मानेपाशी मज्जारज्जू छेदून मेंदूचा संबंध तोडलेल्या कुत्र्यातही ती सेकंदास सुमारे चार वेळा या गतीने होत राहते. अर्थात ही मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया होय. केवळ तिच्यावरून सुखाचे अनुमान काढता येत नाही.

स्नायूंवरील स्थानिक परिणाम समजण्यास श्वानाची शरीररचना ध्यानी घ्यावी लागते. त्याचा पुढील पाय धडास अस्थिसंधीने जोडलेला नसून केवळ स्नायूंच्या झोळीने बांधलेला असतो, आणि शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढील पायांवर असतो. मागील सांधे दुखू लागले की हा भार आणखी पुढे सरकतो. त्यामुळे कंबरेच्या रुग्णाचे मान व खांदे ताठरलेले आढळतात, आणि मर्दनाचे क्षेत्र दुखऱ्या सांध्यापुरते मर्यादित ठेवणे अपुरे ठरते. मर्दनाने लॅक्टिक आम्ल निचरून जाते, या प्रचलित स्पष्टीकरणास मात्र फारसा आधार नाही. श्रमानंतर ते सुमारे तासाभरात आपोआपच कमी होते.

याहून व्यापक परिणाम हृदय व अंतःस्राव यांवर होतो. पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले हॉर्स्ली गँट यांनी पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात या विषयाचा पाठपुरावा केला. माणसाने कुरवाळल्यास कुत्र्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, या घटनेस त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ सालच्या लेखात ‘व्यक्तीचा परिणाम’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी लिंच व मॅकार्थी यांनी दाखविले की, विजेच्या धक्क्याची सूचना देणारा ध्वनी चालू असता कुत्र्यास कुरवाळल्यास ठोक्यांची अपेक्षित वाढ रोखली जाते. १९९८ साली हेनेसी प्रभृतींनी अमेरिकेतील एका प्राणि-निवाऱ्यातील कुत्र्यांचा अभ्यास केला. रक्त काढल्यानंतर कॉर्टिसॉल या स्रावात होणारी वाढ शांत व दृढ हाताच्या स्पर्शाने आवरली जाते, असे त्यांस आढळले.

तथापि स्पर्श कोणाचा आणि कोठे, यांवरही प्रतिसाद अवलंबून असतो. परिचिताचा हात खांद्यावर सुखावह वाटेल. अपरिचिताने पंजा धरून ठेवल्यास तोच प्राणी ओठ चाटू लागेल, जांभई देईल किंवा मान फिरवील. ही अस्वस्थतेची चिन्हे होत.

आता निश्चलतेचा विचार करू. भयाने थिजलेला प्राणीही हालत नाही. इतकेच नव्हे, तर त्या अवस्थेत हृदयाचे ठोके मंदावलेलेही असू शकतात. म्हणून एकट्या नाडीवर भिस्त ठेवता येत नाही. विश्रांत कुत्र्याची नाडी श्वास घेताना किंचित जलद व सोडताना मंद होते, श्वसन खोल व सावकाश होते, हाताखालचे स्नायू सैलावतात आणि पापण्या मिटू लागतात. थिजलेल्या कुत्र्याचे स्नायू ताठ राहतात, तोंड घट्ट मिटलेले असते आणि डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो.

या लक्षणांस आणखी एका साध्या कसोटीची जोड देता येते. मर्दन मध्येच थांबवावे, हात दूर घ्यावा व कुत्र्यास मोकळे सोडावे. तो आपण होऊन हाताखाली परत आला, तर त्यास स्पर्श हवा होता असे मानण्यास आधार मिळतो. उठून दूर गेला, तर तेही उत्तरच होय. ताप, संसर्ग, ताजा अस्थिभंग किंवा कर्करोगाची गाठ असताना पशुवैद्याच्या अनुमतीवाचून मर्दन करू नये, हे तर उघडच आहे. परंतु रोग अनुकूल असला तरी रुग्णाची ही अनुमती वेगळी घ्यावी लागते.