कुंद्याची पारख

बेळगावला पाहुणा आला आणि कुंदा न घेता परत गेला असे सहसा घडत नाही. आमच्या शहराला ‘कुंदानगरी’ हे नाव काही उगीच पडलेले नाही. कॉलेजात बाहेरगावाहून आलेला विद्यार्थी पहिल्या सुट्टीत घरी निघाला की त्याचा प्रश्न ठरलेला असतो : “चांगला कुंदा कुठे मिळतो?” या प्रश्नाला टिळकवाडीत एक उत्तर मिळते, शहापुरात दुसरे आणि खडेबाजारात तिसरे. प्रत्येकजण आपापल्या घरी परंपरेने येणाऱ्या दुकानाचे नाव छातीठोकपणे सांगतो. विचारणारा बिचारा गोंधळतो आणि शेवटी बसस्थानकाकडे जाताना जे दुकान दिसेल तेथून एक खोका उचलतो.

या लेखात मी कोणत्याही दुकानाचे नाव सांगणार नाही. दुकानाची पाटी तीच राहते. पण आचारी बदलतो, दूध बदलते, मालकाची पुढची पिढी गल्ल्यावर बसते. आज सांगितलेले नाव दोन वर्षांनी खरे असेलच असे नाही. पारख मात्र एकदा आली की ती बेळगावात चालते, धारवाडात चालते आणि गोकाकलाही चालते. म्हणून ही पारख कशी करावी एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही हे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून सांगणे मला भाग आहे. ‘वाईट पैसा चांगल्या पैशाला चलनातून हुसकावून लावतो’ हा ग्रेशॅमचा सिद्धांत आपण सर्वांनी परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. जॉर्ज अकेर्लोफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहून यासारखीच गोष्ट मालाच्या बाबतीत मांडली. पुढे २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे घेणारा सगळ्या मालाला सरासरी किंमत देऊ लागतो. त्या किमतीत चांगला माल परवडत नाही, म्हणून तो करणारा हळूहळू बाजारातून उठतो आणि मागे वाईट माल तेवढा उरतो. मोटारीच्या जागी कुंदा ठेवून पाहा. पाहुण्यासाठी खोका घेणाऱ्याला जर चांगल्या-वाईटातला फरकच कळत नसेल, तर पहाटे उठून दूध आटवणाऱ्याने ते कष्ट कोणासाठी करावेत?

आता कुंदा होतो कसा ते पाहू, म्हणजे काय पाहायचे हे आपोआप कळेल. पसरट कढईत दूध आटवत ठेवतात. ते तळाला लागू नये म्हणून सारखे ढवळावे लागते. ते आटत आले, रवाळ झाले की साखर घालून पुन्हा परततात. काहीजण तयार खव्यापासूनही सुरुवात करतात. पांढऱ्या खव्यावर न थांबता पुढे तपकिरी रंग येईपर्यंत ते परतत राहणे, यातच कुंद्याचे वेगळेपण आहे. हा रंग बाहेरून घालावा लागत नाही. दुधातील साखर आणि प्रथिने यांची उष्णतेत क्रिया होऊन तो येतो आणि त्याबरोबर तो खमंग वासही येतो. चुलीवर विसरून राहिलेल्या दुधातून कुंद्याचा जन्म झाला अशी एक गोष्ट आमच्याकडे सांगतात. ती खरी असो वा नसो, कुंद्याला वेळ लागतो एवढे तीतून नक्की कळते. जेथे वेळ वाचवला जातो तेथे रंग, पिठूळ पदार्थ आणि वनस्पती तूप यांची मदत घेतली जाते.

म्हणून पहिली कसोटी जिभेची. चांगल्या कुंद्याचा रवा बोटांत मऊ लागतो, दाताखाली कचकचत नाही. गोडीच्या मागे भाजल्याची किंचित खरपूस चव राहते. निव्वळ गोड लागला तर साखर जास्त आणि परतणे कमी असे समजावे. खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर चिकटून राहिला तर ते तूप साजूक नव्हे. पिठाचा संशय आला तर रसायनशास्त्र विभागातील मित्राला गाठावे. थोडा नमुना पाण्यात उकळून, थंड करून त्यात आयोडीनचा थेंब टाकला आणि रंग निळा झाला, तर त्यात पिष्ट आहे.

दुसरी कसोटी हिशेबाची. म्हशीच्या एक लिटर दुधापासून साधारण २०० ग्रॅम खवा मिळतो, म्हणजे एक किलो खव्याला पाच लिटर दूध. समजा, एक किलो कुंद्यात पाऊण किलो खवा आणि पाव किलो साखर आहे. तर नुसते दूधच पावणेचार लिटर झाले. दूध ६० रुपये लिटर धरले तर दुधाचेच २२५ रुपये होतात. त्यावर साखर, इंधन, आचाऱ्याची मजुरी, दुकानाचे भाडे आणि मालकाचा नफा. एवढे करून कोणी २०० रुपये किलोने ‘शुद्ध कुंदा’ विकत असेल, तर तो धर्मादाय संस्था चालवीत असला पाहिजे! आपल्या गावातील दुधाचा भाव घालून ही बेरीज कोणालाही उभ्या-उभ्या करता येते. मात्र महाग तो चांगलाच, असा उलटा निष्कर्ष काढू नये. झगमगीत खोका आणि संगमरवरी फरशी यांचा खर्चही त्याच किमतीत असतो.

तिसरी कसोटी खपाची. पुस्तकात आपण तिला ‘स्टॉक टर्नओव्हर’ म्हणतो. दुधाचा गोड पदार्थ हा नाशवंत माल. ज्या दुकानात सकाळची परात संध्याकाळी रिकामी होते, तेथे माल ताजाच असणार. म्हणून मोठ्या काचेच्या कपाटाकडे न पाहता परात किती वेळा भरली जाते ते पाहावे. कोण घेतो तेही पाहावे. बॅगा घेऊन आलेले प्रवासी घेतात की त्याच गल्लीतील माणसे डबा घेऊन येतात? गल्लीतला माणूस फसला तर दुसऱ्या दिवशी भांडायला येऊ शकतो, आणि हे दुकानदाराला पक्के ठाऊक असते. शिवाय खोक्यात न भरलेल्या मिठाईच्या ट्रेवरही ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावावी, असा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून लागू केला होता. तारीख विचारणे हा काही उद्धटपणा नव्हे. मराठीत “आजचा आहे का हो?” म्हणावे, कन्नडमध्ये “इवत्तिंदेन् री?” म्हणावे. प्रथम पावकिलोच घ्यावा, तेथेच चव पाहावी आणि मग पाहुण्याचा खोका बांधावयास सांगावे.

चौथी कसोटी काळाची. प्रत्येक पदार्थाचा आपला हंगाम असतो आणि हंगामात तो उत्तम मिळतो. नागपंचमीच्या सुमारास शेंगांची उंडी आणि तंबिट्टाची उंडी यांची खरी चव घराघरांत असते. संक्रांतीला तीळ, जत्रेत बेंडू-बत्तासे. लांबच्या प्रवासाला कुंद्यापेक्षा करदंट बरा. त्याच्या नावातच त्याची कृती आहे : कन्नडमध्ये ‘करिद’ म्हणजे तळलेला आणि ‘अंटु’ म्हणजे डिंक. तुपात तळलेला डिंक, सुके खोबरे, सुका मेवा आणि गूळ. त्यात दूध नाही, पाण्याचा अंश थोडा, म्हणून तो टिकतो. आपल्या डिंकाच्या लाडवाचा हा सख्खा भाऊच म्हणायचा. गोकाक आणि बागलकोट जिल्ह्यातील अमीनगड ही त्याची दोन प्रसिद्ध गावे.

या चारही कसोट्या ज्याच्यापुढे अपुऱ्या पडतात असा एक पदार्थ आमच्याकडे आहे, तो म्हणजे मांडा. ‘मनातले मांडे’ आपण रोज खातो, प्रत्यक्षातले फार थोड्यांनी खाल्लेले असतात. मुक्ताबाईला मांडे भाजण्यासाठी खापर मिळू नये अशी व्यवस्था विसोबाने केली आणि ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवून दिली, ही कथा मराठी माणसाला नव्याने सांगणे न लगे. त्याही आधी, बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मंडक’ आलेला आहे. ती कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठीत मांडे, कन्नडमध्ये मंडिगे. तेव्हा मांडा तुमचा की आमचा, हा वाद येथेच मिटावा!

कणीक हातावर झेलत झेलत ती कागदासारखी पातळ करायची, उपड्या कढईवर किंवा खापरावर टाकायची, आत पिठीसाखर, तूप, खसखस आणि वेलदोडा घालून गरम असतानाच घडी घालायची. क्षणभर उशीर झाला तर घडी मोडते. हे काम पुस्तक वाचून येत नाही. शिकवणाऱ्या हाताशेजारी वर्षानुवर्षे बसावे लागते. लग्नात मांडे देण्याची पद्धत बेळगावात आहे म्हणून हे हात अजून चालते आहेत. लग्नघराने मांड्यांऐवजी दुसरी तयार मिठाई मागवायचे ठरवले, की त्या हाताचे एक दिवसाचे काम गेले. आणि घरात काम नसेल तर त्या घरातील मुलगा किंवा मुलगी ते शिकण्यासाठी का थांबेल? कुंदा बिघडला तर पुन्हा सुधारता येईल, त्याची कढई आणि कृती सर्वांजवळ आहे. मांड्याची विद्या मात्र हातांबरोबर जाते.

शेजारच्या धारवाडचे उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. तेथील पेढा एकोणिसाव्या शतकात प्लेगमुळे उत्तर प्रदेशातील उन्नाव सोडून आलेल्या ठाकूर कुटुंबाने आणला. आज त्याला ‘धारवाड पेढा’ म्हणून भौगोलिक मानांकन आहे. परप्रांतातून आलेली मिठाई गावाचे नाव घेऊन मोठी झाली, याचे एक कारण गावानेच ती पिढ्यान्‌पिढ्या पारखून खाल्ली. कायदा नावाचे रक्षण करतो. परातीतल्या मालाचे रक्षण गिऱ्हाइकालाच करावे लागते.

तेव्हा पुढच्या सुट्टीत घरी जाताना बसच्या वेळेआधी तासभर काढावा. गावातल्या गल्लीत शिरावे, परात पाहावी, चव घ्यावी, हिशेब करावा. चांगला माल सापडला तर रास्त किंमत घासाघीस न करता द्यावी आणि करणाऱ्याला “छान झालाय” असे त्याच्या भाषेत सांगावे. आणि घरात कोणाचे लग्न ठरले असेल, तर मांडे करणाऱ्यांकडे स्वतः जाऊन आगाऊ मागणी नोंदवून यावे.